काँगो रेडवरचा विरक्त

कोरेगाव तालुक्यात पावसाळ्यात घेवड्याचं रोप मुळासकट हलकेच उपटलं, की मुळांना मोहरीएवढ्या, काही त्याहून थोराड गाठी लगडलेल्या दिसतात. फुलकळी लागायच्या सुमाराला यातली एक गाठ नखाने फोडून बघावी. आतून गुलाबी निघाली तर काम चालू आहे. हिरवट-करडी निघाली तर हंगाम आटोपला. शेतकरी तिला वेगळं नाव ठेवत नाही, गाठच म्हणतो. मात्र या गाठींमुळे पुढच्या पिकाला जे मिळतं त्याला त्याच्याकडे नेमका शब्द आहे: बेवड. खरिपात घेवडा निघाला आणि त्याच रानात रब्बीला शाळू पेरला, तर ‘घेवड्याचा बेवड आहे, शाळू साधणार’ असं म्हणतात. आधीच्या पिकाने रानात मागे ठेवलेला गुण किंवा अवगुण तो बेवड. हवेतला नत्र, जिवाणू, मुळांतली सोयरीक हे सगळं विज्ञानाने उलगडलं ते १८८६ नंतर, हेलरीगेल या जर्मन संशोधकाच्या प्रयोगांपासून. बेवड हा शब्द त्याआधीच आपलं काम करत होता.

गाठीत राहणाऱ्या जिवाणूचं नाव रायझोबियम. ग्रीक भाषेतलं मूळ, म्हणजे झाडाचं मूळ, आणि जीवन या दोन शब्दांची ही जोडणी. १८८९ मध्ये फ्रँक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेली. त्याच्या आदल्याच वर्षी हॉलंडमध्ये बायरिंक यांनी हा जिवाणू गाठीतून बाहेर काढून स्वतंत्र वाढवून दाखवला होता. पुढे १८९६ मध्ये नोबे आणि हिल्टनर यांनी त्याचं पेटंट घेतलं आणि ‘नायट्राजिन’ या नावाने तो बाजारात आला. भारतात या जिवाणूंच्या पद्धतशीर अभ्यासाची सुरुवात १९२० मध्ये एन. व्ही. जोशी यांनी केली असं कृषी महाविद्यालयांत शिकवतात. आता कृषी सेवा केंद्रात अडीचशे ग्रॅमचं पाकीट मिळतं. आत लिग्नाइटची काळी भुकटी, भुकटीत जिवाणू. गुळाचं पाणी उकळून थंड करायचं, त्यात भुकटी कालवायची, दहा ते पंधरा किलो बियाण्याला हलक्या हाताने चोळायची, बी सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. पाकिटावर छापलेलं असतं ‘जिवाणू खत’ किंवा ‘जिवाणू संवर्धक’. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही म्हणतात ‘कल्चर’. ‘कल्चर चोळलं का?’ हा पेरणीच्या दिवसांतला अगदी साधा प्रश्न आहे.

परिभाषा घडवणाऱ्यांना हा इंग्रजी शब्द शेतात आलेला रुचत नाही. माझं मत उलटं आहे. हा शब्द शेतात आलेला नाही, परतलेला आहे.

लॅटिनमध्ये ‘कोलेरे’ असं एक क्रियापद होतं. जमीन कसणं हा त्याचा पहिला अर्थ. जिथे कसायचं तिथेच राहायचं, म्हणून वस्ती करणं हा दुसरा. आणि जिथे राहतो तिथल्या देवाचं करायचं, म्हणून पूजाअर्चा हा तिसरा. या क्रियापदापासून ‘कुल्तुरा’ म्हणजे मशागत हे नाम झालं. सिसेरोने तत्त्वज्ञान ही मनाची ‘कुल्तुरा’ आहे असं म्हटलं आणि तिथून हा शब्द रानातून निघून ग्रंथालयात जाऊन बसला. आपणही ‘मनाची मशागत’ म्हणतोच. फरक इतकाच, की आपली ‘मशागत’ अरबीतल्या ‘मशक्कत’पासून, म्हणजे कष्टांपासून आली आहे. रोमन माणसाला नांगरणीत जोपासना दिसली, आपल्याला घाम दिसला. दोघंही खरं बोलत होते.

ग्रंथालयातल्या ‘कल्चर’ला आपण ‘संस्कृती’ हा प्रतिशब्द दिला. हा शब्द या अर्थाने मराठीत आधी रुळला आणि बंगालीत नंतर गेला. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांना तो १९२२ मध्ये पॅरिसमध्ये एका महाराष्ट्रीय मित्राकडून कळला, त्यांनी तो रवींद्रनाथांच्या कानावर घातला आणि रवींद्रनाथांनी तो उचलून धरला. तोवर बंगालीत ‘कृष्टि’ हा शब्द चालत होता, आणि रवींद्रनाथांना तो मुळीच आवडत नसे. ‘कृष्टि’ आला आहे ‘कृष्’ या धातूपासून, म्हणजे सरळ नांगरण्यापासून. व्युत्पत्तीच्या तराजूत घातला तर तोच शब्द ‘कल्चर’ला तंतोतंत उतरतो. पण शब्दांची निवड तराजूने होत नाही, कानाने होते.

प्रयोगशाळेने मात्र ‘कल्चर’चा जुना अर्थ सोडला नाही. तिथे ‘कल्चर’ म्हणजे जमीन तयार करून, खतपाणी घालून, त्यात बी टाकून उगवण बघणं. रान तेवढं बशीत मावणारं. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये ‘युरिन कल्चरला लावलीय, परवा रिपोर्ट’ असं सांगतात, ‘ग्रोथ आली नाही’ असंही सांगतात. ‘लावणे’ हे क्रियापद भात लावण्यातलं, मिरची लावण्यातलंच. आणि बशीत उगवून आलेल्या एकेका ठिपक्याला म्हणतात कॉलनी. तोही त्याच ‘कोलेरे’चा मुलगा. ‘कोलोनुस’ म्हणजे शेतकरी. ‘कोलोनिया’ म्हणजे नव्या मुलुखात शेतकऱ्यांना जमिनी देऊन वसवलेलं गाव. (लघवीत सापडणाऱ्या ई. कोलायमधल्या ‘कोलाय’चं या घराण्याशी नातं नाही. तो मोठ्या आतड्याच्या ग्रीक नावावरून आला.) मराठीत आपण कॉलनीला ‘वसाहत’ म्हणतो, ‘वसणे’वरून. त्यामुळे औद्योगिक वसाहत, ब्रिटिश वसाहत आणि जिवाणूंची वसाहत एकाच शब्दात नांदतात. कोरेगावाजवळून वाहणारी नदी वसना. तिचंही नातं ‘वसणे’शी जोडून टाकायचा मोह होतो, पण निव्वळ कानाला गोड लागतं म्हणून सोयरीक जुळवायची नसते, एवढी शिस्त या छंदात पाळावी लागते.

बशीतल्या रानाची माती म्हणजे अगर. मूळ मलय शब्द ‘अगर-अगर’, समुद्री शेवाळापासून केलेल्या खळीला. अगरबत्तीतला अगर संस्कृत ‘अगुरु’पासून आला, मिठागरातलं आगर आणखी वेगळं, आणि ‘अगर-मगर’मधला अगर फारसी. चौघांची तोंडं सारखी, घराणी चार. खळीचा हा अगर प्रयोगशाळेत आणला फॅनी हेसे या गृहिणीने. १८८१ मध्ये तिचा नवरा वाल्टर हेसे हा जिलेटिनवर जिवाणू वाढवायच्या खटपटीत होता आणि उन्हाळ्यात जिलेटिनचं पाणी होई. आपली जेली उन्हातही का टिकते हे तिने सांगितलं. ती युक्ती तिला जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून कळली होती. रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेने अगर लगेच उचलला. आपल्याकडच्या किराणा दुकानात तो ‘चायना ग्रास’ या नावाने मिळतो. म्हणजे मलय मुलुखातलं नाव प्रयोगशाळेला आणि चीनचं नाव स्वयंपाकघराला, अशी वाटणी झाली.

रंगावरून जिवाणू ओळखायची सुरुवात मात्र अगरच्याही आधी झाली, उकडलेल्या बटाट्याच्या कापावर. योझेफ श्रोटर यांनी १८७२ मध्ये ब्रेस्लाउ इथे बटाट्याच्या कापांवर रंगीत जिवाणू वाढवून त्यांच्या रंगांवर लेख लिहिला. कॉख यांचंही लक्ष बटाट्यानेच वेधलं: उघड्यावर राहिलेल्या कापावर निरनिराळ्या रंगांचे ठिपके उठले होते आणि प्रत्येक ठिपक्यात एकाच जातीचे जिवाणू होते. जातवार वेगळं करायची अख्खी कला या निरीक्षणातून निघाली.

त्या काळातली नावंही डोळ्यांनी ठेवलेली आहेत. ऑग्स्टन या स्कॉटिश शल्यवैद्याला पुवातले गोल जिवाणू घडाने दिसले, म्हणून ‘स्टॅफिलोकॉकस’: ‘स्टॅफिले’ म्हणजे द्राक्षाचा घड, ‘कॉकस’ म्हणजे दाणा. तासगावच्या माणसाला हे नाव समजावून सांगायला नको. १८८४ मध्ये रोझेनबाख यांनी त्याला ‘ऑरियस’ म्हणजे सोनेरी हे विशेषण जोडलं, कारण बशीत त्याची वसाहत पिवळीधमक उठते. ‘स्यूडोमोनास एरुजिनोझा’मधला ‘एरुगो’ म्हणजे तांब्यावर चढणारा हिरवा गंज. याला मराठीत शब्द आहे कळक. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं. संस्कृतात ‘कलंक’ म्हणजे डागही आणि धातूचा गंजही. आपण चारित्र्याला लावतो तो कलंक आणि ताकाला लागतो तो कळक एकाच भांड्यातले. जखमेच्या पट्टीवर निळा-हिरवा डाग पाडणाऱ्या या जिवाणूचं नाव मराठीत ठेवायची वेळ आली असती, तर ‘कळक्या’ शोभला असता. मॅककाँकी अगर हे मात्र माणसाचं नाव. त्यावर दुधातली साखर आंबवणारे गुलाबी उठतात, न आंबवणारे फिके राहतात, आणि जगभरच्या लॅबमध्ये रोज सकाळी हेच आधी बघतात.

आता घेवड्याच्या गाठीकडे परत येतो. गाठ पाण्याने स्वच्छ धुवायची, बाहेरचे जिवाणू मारायला थोडा वेळ जंतुनाशकात बुडवायची, पुन्हा धुवायची, चिरडायची आणि तो दुधट रस तारेच्या लूपने बशीवर रेघोट्या मारत पसरायचा. माध्यमात यीस्टचा अर्क असतो आणि मॅनिटॉल नावाची गोडी असते. (मॅनिटॉलमध्ये बायबलातला ‘मान्ना’ आहे, वाळवंटात आकाशातून पडलेलं अन्न.) या माध्यमात लिटरला पंचवीस मिलिग्रॅम इतका रंग घालतात: काँगो रेड. बशी बिटाच्या पाण्यासारखी लाल दिसते. अठ्ठावीस अंशांना दोन-तीन दिवस ठेवली की तिच्यावर वसाहती उठतात. मातीतले इतर अनेक जिवाणू हा रंग पितात आणि लाल होतात. रायझोबियमची वसाहत पांढरी, अर्धपारदर्शक, फुगीर, ओलसर चकाकणारी. लूप लावला तर तार सुटते. रंगाच्या रानात बसून तो रंग धरत नाही. हीच त्याची खूण.

आधी या लाल रंगाच्या नावाबद्दल. काँगो रेडचा काँगोशी काडीचा संबंध नाही. १८८३ मध्ये पाउल ब्योटिगर या तरुण जर्मन रसायनज्ञाला तो सापडला तेव्हा तो बायर कंपनीत होता. कंपनीला या रंगात रस वाटला नाही. त्याने स्वतःच्या नावावर पेटंट घेतलं आणि ते बर्लिनच्या आग्फा कंपनीला विकलं. तोवर सुती कापडाला रंग धरवायचा तर आधी तुरटीसारखं काहीतरी लावावं लागे; हा रंग कापसाला थेट चिकटत होता. माल चांगला होता, नाव हवं होतं. त्याच सुमाराला, नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५, बर्लिनमध्ये युरोपातली राष्ट्रं काँगोच्या खोऱ्याचा आणि पश्चिम आफ्रिकेतल्या व्यापाराचा निवाडा करायला बसली होती. आफ्रिकेतला एकही प्रतिनिधी तिथे नव्हता. वर्तमानपत्रांत रोज काँगो, लोकांच्या तोंडी काँगो. आग्फाने १८८५ मध्ये रंग बाजारात आणला तो काँगोच्याच नावाने. दूरच्या, गरम, अनोळखी मुलुखाचं नाव लाल रंगाला शोभून दिसलं, बस्स. कापडाच्या धंद्यात तो पुढे टिकला नाही, कारण आम्ल लागलं की तो निळा पडतो आणि घामाच्या बोटांनीही बिघडतो. प्रयोगशाळेत मात्र टिकला. १८८५ मध्येच बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाने काँगो ही आपली खासगी मालमत्ता करून टाकली आणि पुढे रबरासाठी तिथल्या माणसांचे हाल हाल केले. ते राज्य १९०८ मध्ये राजाच्या हातून गेलं. रंगाचं नाव राहिलं, आणि आज विद्यार्थी काँगो रेडवरच्या ‘कॉलनी’ मोजतात तेव्हा त्या वाक्यात अडकलेला इतिहास कोणाला खुपत नाही. खुपावा असंही मी म्हणत नाही. पण शब्द उलटून पाहायची सवय लागलेल्या माणसाला तो दिसल्याशिवाय राहत नाही.

आता रंग न धरण्याबद्दल. संस्कृतातला ‘रञ्ज्’ हा धातू म्हणजे रंगणं, रंगवणं. रंग, रंजन, रंगारी ही उघड दिसणारी मंडळी. ‘रजक’ म्हणजे आपला परीट, तोही मुळात रंगवणारा. ‘राग’ म्हणजे आधी रंग, मग मनाला चढलेला रंग. मराठीत त्यातला फक्त संताप उरला, गाण्यातला राग तेवढा निसटला. ‘रक्त’ म्हणजे रंगवलेलं. त्यावरून लाल, आणि लाल म्हणून अंगातलं रक्त. याच ‘रक्त’ला उपसर्ग लागले, की ‘अनुरक्त’ म्हणजे ज्याला रंग लागला तो, आणि ‘विरक्त’ म्हणजे ज्याचा रंग उतरला तो. संसाराचा रंग उतरला म्हणून बैरागी विरक्त. ‘बैरागी’तही तोच ‘राग’ आहे. कोशातला ‘विरक्त’चा जुना अर्थ अगदी कपड्याला लागू पडावा असा आहे: रंग गेलेला. तेव्हा लाल बशीवर पांढरा राहणारा रायझोबियम हा, अध्यात्माचा वारा न लागू देता, निव्वळ शब्दार्थाने विरक्त आहे. मराठी माध्यमातून सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचं झालं तर मी हा एक शब्द वापरून बघेन. ‘रंग न शोषणारा’ या तीन शब्दांपेक्षा तो मुलांच्या जास्त लक्षात राहील.

यातली गंमत अशी, की हाच विरक्त घेवड्याच्या मुळात शिरला की गाठ आतून लाल होते. तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदांपैकी. नत्र बांधणाऱ्या विकराला मोकळा ऑक्सिजन सोसत नाही, आणि जिवाणूला श्वासाला ऑक्सिजन तर हवाच. म्हणून झाड हे प्रथिन बनवतं. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि बेताबेताने सोडतं. नखाने फोडलेल्या गाठीतला गुलाबी रंग तो हाच. बशीत विरक्त, मुळात अनुरक्त. शिवाय गाठीबाहेर, एकट्याने, तो सहसा हवेतला नत्र बांधतच नाही. सोयऱ्याच्या घरी गेल्यावरच कामाला लागतो.

बशीतल्या खुणेवर डोळे मिटून विसंबता येत नाही, हेही सांगायला हवं. उजेडात ठेवलेल्या बशीत हाच जिवाणू थोडा लाल होऊ लागतो, म्हणून या बश्या अंधारात ठेवतात. काही वाण अंधारातही किंचित रंग घेतात, आणि रंग न घेणारे सगळेच रायझोबियम असतात असंही नाही. म्हणून मग काँगो रेडऐवजी ब्रोमोथायमॉल ब्लू घातलेली दुसरी बशी लावतात. ती सुरुवातीला हिरवी असते. घेवड्याचा, वाटाण्याचा जिवाणू भराभर वाढतो, आम्ल सोडतो आणि बशी पिवळी करतो. सोयाबीनचा, चवळीचा संथ वाढतो आणि ती निळी करतो. शेवटची परीक्षा मात्र रोपावरच: निर्जंतुक मातीत लावलेल्या घेवड्याला गाठी आल्या तर तो खरा.

पाकिटांवरची वर्गवारी या शेवटच्या परीक्षेवरून पडली आहे. चवळी गट, हरभरा गट, वाटाणा गट, घेवडा गट, सोयाबीन गट, शिवाय लसूणघास आणि बरसीमचे गट. एका गटाचं कल्चर दुसऱ्या गटाला सहसा चालत नाही. शेतकऱ्याने पाकिटावर एवढंच बघायचं असतं, आणि ते बघायला लॅटिन लागत नाही.

लॅटिनवर विसंबला असता तर त्याची फजिती झाली असती. घेवड्याचं शास्त्रीय नाव ‘फॅसिओलस’. ग्रीक-रोमन काळात हा शब्द चवळीसारख्या शेंगेला होता. कोलंबसानंतर अमेरिकेतून नवी शेंग आली आणि जुनं नाव तिने बळकावलं. आपल्याकडे हुबेहूब हेच झालं. संस्कृतातला ‘राजमाष’ म्हणजे चवळी, पण त्याचा ‘राजमा’ झाला तो परदेशातून आलेल्या दाण्याचा. कोवळ्या शेंगेला ‘फ्रेंच बीन’वरून ‘फरसबी’ नाव पडलं. कोरेगावच्या वाणाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते ‘वाघ्या घेवडा’ या नावाने, दाण्यावरच्या लालसर पट्ट्यांमुळे. म्हणजे चवळीचं नाव, फ्रान्सचं नाव आणि वाघाचं नाव, पण शेंग अमेरिकेची.

तिच्या जिवाणूची नावं याहून चंचल. आधी तो ‘रायझोबियम फॅसिओली’ होता. मग तो वाटाण्याच्या जिवाणूचाच एक उपप्रकार ठरला आणि स्वतंत्र नाव गेलं. २००८ मध्ये ‘फॅसिओली’ हे नाव पुन्हा बहाल झालं. मधल्या काळात, १९९३ मध्ये, मेक्सिकोतल्या घेवड्याच्या गाठींतला जिवाणू वेगळ्या जातीचा आहे असं ठरलं आणि त्याचं बारसं लॅटिन-ग्रीक सोडून अॅझ्टेकांच्या नाव्हात्ल भाषेत झालं: ‘रायझोबियम एट्ली’. त्या भाषेत ‘एट्ल’ म्हणजे घेवडा, म्हणून ‘एट्ली’ म्हणजे घेवड्याचा. कोरेगावच्या दुकानातल्या पाकिटावर इतकी वर्षं तेच छापलेलं आहे: घेवडा गट.